कलाकाराच्या नावाचं रेस्टॉरंट आणि ओस पडलेलं डाऊनटाऊन: नॅशविल-मेम्फिसकडून नेमकं काय घ्यावं?

मेपलकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं शहर ओहायोतलं, वस्ती साधारण ६०,०००. इथल्या डाऊनटाऊन समितीपुढे एक प्रस्ताव आला आहे आणि नागरिक सदस्य म्हणून मला त्यावर मत द्यायचं आहे. एका कंट्री गायकाच्या नावाचं रेस्टॉरंट आणि बार व्हायचा आहे. बोलणी चालू असल्यामुळे नाव देत नाही.

जागा म्हणजे मुख्य रस्त्यावरची शंभरेक वर्षं जुनी विटांची इमारत. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येकी ४,५०० चौरस फूट. वरचे मजले अनेक वर्षं रिकामे आहेत. तळमजल्यावर जेवण आणि स्टेज, पहिल्यावर दुसरं स्टेज, दुसऱ्यावर खासगी समारंभ आणि छपरावर बार अशी आखणी आहे. शहराकडून त्यांना दोन गोष्टी हव्यात: वाढीव मालमत्ता करात दहा वर्षांची सूट, आणि आतल्या कामासाठी १५ लाख डॉलरचं कर्ज. सादरीकरणात ‘नॅशविलच्या ब्रॉडवेसारखं’ (म्हणजे तिथल्या थेट संगीताच्या बारच्या रस्त्यासारखं) हे शब्द वारंवार येतात.

माझे प्रश्न असे. अशा ठिकाणी कलाकाराची खरी गुंतवणूक किती असते? ब्रॉडवे खरोखर या बारमुळे उभा राहिला का? इतक्या जुन्या इमारतीत गाणं-बजावणं आणि छपरावर गर्दी, यात तांत्रिक अडचणी कुठे येतात? आणि करारात काय लिहून घ्यावं? या धंद्यातल्या किंवा बांधकामातल्या लोकांनी नेमकं लिहावं ही विनंती.

कंबरलँड_किनारा

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण प्रस्तावाचा सगळा डोलारा त्यावर आहे. ब्रॉडवे कलाकारांच्या बारमुळे उभा राहिला नाही. तो उभा राहिल्यावर कलाकारांचे बार आले. सनावळी पाहिली की हे स्पष्ट होतं.

१९७४ मध्ये ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा कार्यक्रम रायमन सभागृह सोडून शहराबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर आठवडाअखेरची हमखास गर्दीही गेली. पुढे जवळजवळ दोन दशकं लोअर ब्रॉडवेवर अश्लील पुस्तकांची दुकानं, बंद गाळे आणि तग धरून राहिलेले मोजके हाँकी-टाँक (कंट्री संगीताचे साधे बार) एवढंच होतं. टूट्सीज १९६० पासून आहे, तो तगला. फरक पडला १९९० च्या दशकात. रायमन दुरुस्त होऊन १९९४ मध्ये कार्यक्रमांसाठी पुन्हा उघडलं. त्याच वर्षी सेकंड ॲव्हेन्यूवर वाइल्डहॉर्स सलून हा मोठा नाच-गाण्याचा बार आला. १९९६ च्या अखेरीस रायमनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर अरेना उघडलं, आता ते ब्रिजस्टोन अरेना. त्याच सुमारास रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डमध्ये बीआर५४९ हा बँड टिपांवर वाजवत होता आणि तरुण मंडळी त्याच्यासाठी रस्त्यावर परतत होती. २००१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम डाऊनटाऊनमध्ये आलं, २०१३ मध्ये म्युझिक सिटी सेंटर हे मोठं अधिवेशन केंद्र.

कलाकारांच्या पाट्यांची रांग लागली ती यानंतर. ॲलन जॅक्सन २०१६, फ्लोरिडा जॉर्जिया लाइन २०१७. मग २०१८ या एकाच वर्षात जेसन अल्डीन, ल्यूक ब्रायन, ब्लेक शेल्टन आणि किड रॉक. २०२१ मध्ये मिरांडा लॅम्बर्ट. २०२४ मध्ये एरिक चर्च, मॉर्गन वॉलन, आणि वाइल्डहॉर्सच्याच जागेत ल्यूक कोम्ब्स. म्हणजे रायमन उघडल्यापासून ही लाट यायला २२ वर्षं लागली. त्या काळात शहराचा पैसा अरेना आणि अधिवेशन केंद्रात गेला.

तुमच्या शहरात रोज संध्याकाळी दोन-चार हजार माणसं दुसऱ्या कुठल्या कारणाने डाऊनटाऊनमध्ये येतात का? नाट्यगृह, खेळाचं मैदान, महाविद्यालय, काहीही चालेल. येत नसतील तर प्रस्तावातलं साम्य पाटीपुरतंच आहे.

आणखी एक गोष्ट समितीला सांगा. नॅशविलमध्ये सार्वजनिक फुटपाथवर पुढे येणाऱ्या पाटीला नगर परिषदेची मंजुरी लागते. एप्रिल २०२४ मध्ये वॉलनने एका बारच्या छपरावरून खाली खुर्ची फेकल्याचं प्रकरण झालं. मे महिन्यात त्याच्या नव्या बारची पाटी परिषदेने ३० विरुद्ध ३ मतांनी नाकारली आणि बार पाटीविना उघडला. कलाकाराचं नाव शहराच्या प्रकल्पाला जोडलं की त्याच्या वागण्याचं ओझंही शहराकडे येतं. करार करताना हे डोक्यात असू द्या.

खर्चवेच

मालकीबद्दल. पाटीवर नाव असलं तरी त्यामागे तीन अगदी वेगळे व्यवहार असू शकतात.

पहिला, कलाकाराची खरी मालकी. ॲलन जॅक्सनने ब्रॉडवेवरची जुनी इमारत विकत घेतली, म्हणजे बार तोट्यात गेला तरी वास्तू त्याची राहते. दुसरा, नाव कलाकाराचं आणि जागा मोठ्या कंपनीची. ओल रेड हे ब्लेक शेल्टनचं म्हणून ओळखलं जातं, पण ते रायमन हॉस्पिटॅलिटीकडे आहे. याच कंपनीकडे रायमन आणि ऑप्री यांची बहुसंख्य मालकी आहे. प्रेक्षक एका दारातून निघून दुसऱ्यात जातो, म्हणून हे गणित बसतं. तिसरा आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे चालवणारी कंपनी वेगळी आणि कलाकार नाव वापरू देण्याचे पैसे घेतो. अल्डीन, ब्रायन आणि लॅम्बर्ट हे ब्रॉडवेवरचे तिन्ही बार एकाच चालक कंपनीने उभे केले.

तिसऱ्या प्रकारातला धोका टोबी कीथ या कंट्री गायकाच्या नावाच्या साखळीत दिसला. देशभर बरीच मोठी रेस्टॉरंट उघडली, सिनसिनाटीतही एक होतं. २०१५ च्या सुमारास त्यातली बहुतेक एकापाठोपाठ बंद पडली आणि थकलेल्या भाड्याचे दावे झाले. कीथने त्या कंपनीला फक्त नाव दिलं होतं, त्यामुळे जागामालकांना वसुलीसाठी त्याच्याकडे जाता येईना. मागे राहिले गिटारच्या आकाराचे भलेमोठे बार, जे पुढच्या भाडेकरूला स्वखर्चाने तोडावे लागतात. तुमच्या १५ लाखांतला पैसा अशा सजावटीत जाऊ देऊ नका. शहराचा पैसा जिने, लिफ्ट, स्प्रिंकलर (आग विझवणारे छतातले फवारे), वीज, ग्रीज ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) यांतच जावा. भाडेकरू गेला तरी या वस्तू इमारतीत राहतात.

आता उदाहरणादाखल हिशोब. वर्षाची विक्री ३० लाख डॉलर धरा. अन्न, पेय आणि पगार मिळून ६२ टक्के गेले, म्हणजे १८.६ लाख. भाडं ८ टक्के, २.४ लाख. नावाचा मोबदला विक्रीच्या ५ टक्के, १.५ लाख. उरले ७.५ लाख. आठवड्याला गाण्या-वाजवण्याच्या सात बैठका, चार वादक, माणशी १२५ डॉलर धरले तर संगीताचा वर्षाचा खर्च सुमारे १.८ लाख. कार्ड मशीनची कपात ०.९ लाख. विमा, वीज, दुरुस्ती, जाहिरात मिळून ३ लाख. हातात राहिले १.८ लाख. १५ लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे २.२ लाख पडतो. म्हणजे ४० हजारांची तूट.

मोबदल्याचे दीड लाख काढले तर हेच ठिकाण नफ्यात आहे. म्हणून त्यांना सरळ विचारा: या नावामुळे विक्री किती वाढणार, आणि पहिल्या वर्षानंतर ती टिकणार कशावरून? माणशी सरासरी ३२ डॉलर बिल धरलं तर ३० लाखांसाठी आठवड्याला सुमारे १,८०० गिऱ्हाइकं लागतात. तुमच्या गावातल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकाने वर्षातून दीड वेळा यायला हवं, किंवा तेवढी माणसं बाहेरून यायला हवीत.

मोबदला विक्रीवर आहे की नफ्यावर, हे करारात आधी शोधा. विक्रीवर असेल तर तोट्यातही तो आधी जातो. तो शहराच्या हप्त्याच्या मागे ठेवायला लावा: हप्ता भरल्याशिवाय मोबदला देता येणार नाही, असं स्पष्ट कलम.

मेपलकाठ

खर्चवेच, फार उपयोगी. मोबदल्याचा आकडा प्रस्तावात दिलेलाच नाही, ‘परवाना शुल्क’ अशी मोघम ओळ आहे. कलाकार स्वतः किती वेळा येणार याबद्दलही काही लिहिलेलं नाही. हे मागता येतं का?

खर्चवेच

मागायलाच हवं. वर्षातून किती वेळा हजेरी, त्यातल्या किती वेळा स्टेजवर किमान ४५ मिनिटं गाणार, आणि तारखा किती दिवस आधी कळवणार, हे आकड्यांत लिहून घ्या. ‘सोयीनुसार’ हा शब्द आला की समजा हजेरी नाही. सोबत तीन कलमं हवीत: ठरावीक मैलांच्या आत त्याच नावाचं दुसरं ठिकाण काढायचं नाही, नाव काढून घेतलं तर पाट्या उतरवण्याचा आणि नव्या नावाचा खर्च कोण देणार, आणि भाडेकरारावर हमीदार म्हणून कोणाची सही आहे. नुकतीच स्थापन केलेली, मालमत्ता नसलेली कंपनी हमीदार असेल तर त्या हमीला अर्थ नाही.

तुळईखांब

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. अशा प्रकल्पांचा पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच अडकतो.

सुरुवात माणसांच्या मोजणीपासून करा. ओहायोचा बांधकाम नियम इंटरनॅशनल बिल्डिंग कोडवर आधारलेला आहे. टेबल-खुर्च्या असलेल्या जागेत माणशी १५ चौरस फूट धरतात, उभ्या गर्दीच्या जागेत माणशी फक्त ५. बार, स्टेज, स्वयंपाकघर वगळून तळमजल्यावर ३,००० चौरस फूट उरले, तर जेवणासाठी २०० माणसं आणि टेबलं हलवून रात्री नाचायला जागा केली की तीच जागा ६०० माणसांची होते. एका मजल्यावर ५०० पर्यंत दोन बाहेर पडायचे मार्ग लागतात, ५०१ पासून तीन, १,००० च्या वर चार. दिवसा रेस्टॉरंट आणि रात्री नाच असं चालवणार असतील तर नकाशा रात्रीच्या आकड्यावर तपासा. बऱ्याच प्रस्तावांत दिवसाचा आकडा दाखवून परवानगी घेतात आणि पहिल्याच शनिवारी अग्निशमन निरीक्षक दार बंद करायला लावतो.

जिने. स्प्रिंकलर आणि बोलून सूचना देणारी धोक्याची घंटा असेल तर माणशी ०.२ इंच रुंदी धरतात, नाहीतर ०.३ इंच. ४४ इंचांचे दोन जिने म्हणजे ८८ इंच, त्यातून एका मजल्यावरची ४४० किंवा २९३ माणसं उतरू शकतात. जुन्या दुकानी इमारतीत बहुधा समोर एक बरा जिना आणि मागे अरुंद लाकडी जिना असतो. मागचा पाडून बंदिस्त, आगरोधक नवा करावा लागतो आणि प्रत्येक मजल्यावर दीड-दोनशे चौरस फूट त्यात जातात. त्यांच्या नकाशात ही जागा वजा केली आहे का ते पाहा. रेस्टॉरंट-बारमध्ये एका विभागात १०० किंवा जास्त माणसं धरली की स्प्रिंकलर बंधनकारक होतात. २००३ मध्ये ऱ्होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लबमध्ये आगीत १०० माणसं गेली, त्यानंतर हे नियम कडक झाले. स्प्रिंकलरसाठी रस्त्यातल्या मुख्य जलवाहिनीवरून वेगळी जोडणी लागते. तिचा दाब आधी मोजून घ्या. कमी निघाला तर पंप आणि त्याची खोली हा नवा खर्च उभा राहतो.

मजल्यांची ताकद. कार्यालयाच्या मजल्याला चौरस फुटाला ५० पौंड भार धरतात, गर्दीच्या जागेला १००. साध्या छपराला २० पौंड आणि बर्फाचा वेगळा भार. त्याच छपरावर बार काढला की तिथेही १०० पौंड. तुमच्या इमारतीत लाकडी तुळया विटांच्या भिंतीत खोवलेल्या असणार. भिंतीतलं त्यांचं टोक ओलीने कुजलेलं असू शकतं आणि बाहेरून ते दिसत नाही. दर पाच-सहा तुळयांमागे एकीचं टोक उघडून पाहायला सांगा. छपरासाठी बहुतेक वेळा वेगळी पोलादी चौकट करून खांब सरळ तळघरातल्या नव्या पायापर्यंत न्यावे लागतात. हे खांब खालच्या प्रत्येक मजल्यावर येतात, म्हणून स्टेजच्या समोर खांब येत नाही ना ते आताच तपासा. कुंड्यांचं वजन कोणी धरत नाही: फूटभर खोल ओली माती चौरस फुटाला शंभरेक पौंड होते.

स्वयंपाकघराचा धूर. तळणाच्या वरच्या हुडपासून निघणारी नळी १६ गेजच्या पोलादाची, सलग वेल्ड केलेली, आगरोधक कोठडीतून छपरापर्यंत न्यावी लागते. तोंड छपरापासून किमान ४० इंच वर आणि ताज्या हवेच्या खिडक्यांपासून १० फूट लांब हवं. आता त्याच छपरावर माणसं बसणार. वास आणि तेलाचे कण टेबलांवर येतात आणि पहिल्या उन्हाळ्यातच तक्रारी सुरू होतात. पंख्याची जागा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे मागच्या गल्लीकडे ठरवा. बाहेर फेकलेल्या हवेइतकी हवा आत आणणारी यंत्रणा नसेल तर पुढचं दार ओढलं जातं, उघडताना जोर लागतो आणि धूर जेवणाच्या खोलीत येतो. खर्च कमी करताना बहुतेक हीच यंत्रणा आधी कापली जाते. ग्रीज ट्रॅप फुटपाथखाली बसवायचा असेल तर तिथल्या जुन्या तळघराच्या कमानी आधी शोधा, आणि तो चतुर्थांश भरला की उपसायचा हे वेळापत्रक लिहून घ्या.

छपरावर नळाची बिअर हवी असेल तर एक बारीक गोष्ट. थंड खोली तळघरात आणि नळ ४५ फूट वर असेल तर फक्त उंचीमुळे सुमारे २० पाउंड जास्त दाब लागतो. शुद्ध कार्बन डायऑक्साइडने एवढा दाब दिला तर बिअरमध्ये वायू जास्त विरघळतो आणि नुसता फेस येतो. नायट्रोजन मिसळलेला वायू किंवा बिअरचा पंप लागतो, आणि नळीभोवती थंड ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) फिरवावा लागतो. १५.५ गॅलनच्या पिंपात १६ औंसाचे १२४ ग्लास असतात. वर नेमके किती भरले जातात यावर फेसातलं नुकसान कळतं. सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या मजल्यावर छोटी थंड खोली.

ऐतिहासिक इमारत असेल तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय कर-सवलत पाच वर्षांत विभागून मिळते, ओहायोची स्वतंत्र सवलतही आहे. अट अशी की छपरावरचं बांधकाम रस्त्यावरून ठळक दिसू नये आणि दर्शनी भाग, नक्षीदार पत्र्याची छतं शक्यतो राखावीत. पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर सवलतीचा उरलेला भाग परत करावा लागतो.

कुलाबा_कॉजवे

छपराच्या मुद्द्याला जोडून. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल आवारात छपरावरच्या रेस्टॉरंटमध्ये आग लागून १४ जण गेले. जुन्या गिरणीच्या जागेत करमणुकीची वस्ती उभी करायची, हाच तिथलाही प्रकार होता. छपरावर ऊन-पावसासाठी टाकलेलं आच्छादन ज्वलनशील होतं आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही. बांबू, ताडपत्री, कापडी छत, कृत्रिम वेली या गोष्टी मूळ नकाशात नसतात, पहिल्या उन्हाळ्यात येतात. परवानगीतच लिहा की छपरावर नंतर घातलेलं कोणतंही आच्छादन आगरोधक प्रमाणपत्रासह आणि वेगळ्या मंजुरीनेच.

आणि नावाबद्दल. कुलाब्यात ‘तेंडुलकर्स’ २००२ मध्ये निघालं आणि काही वर्षांत बंद झालं. सचिनइतकं मोठं नाव मुंबईत दुसरं नव्हतं. त्याच वर्षी दुबईत वाफीला ‘आशाज’ सुरू झालं आणि पुढे बऱ्याच देशांत गेलं. आशाबाईंची स्वयंपाकातली आवड सर्वांना ठाऊक होती आणि तिथल्या पदार्थांना त्यांच्या पाककृतींचा आधार होता. नावाचा ताटातल्या पदार्थाशी संबंध असला तर लोक दुसऱ्यांदा येतात, माझं तरी हे ठाम मत आहे.

चौथासूर

संगीताचं कोणी लिहिलं नाही, म्हणून. ब्रॉडवेवर दारात तिकीट नसतं. सकाळी दहा-अकरापासून रात्री उशिरापर्यंत साधारण चार-चार तासांच्या बैठका चालतात: दहा ते दोन, दोन ते सहा, सहा ते दहा, दहा ते बंद होईपर्यंत. वादकांना थोडी ठरावीक रक्कम आणि बाकी टिपा. ड्रम आणि ॲम्प्लिफायर बारचेच असतात, त्यामुळे एक बँड उतरून दुसरा चढायला फार वेळ जात नाही. हा खंड वाढला की गिऱ्हाईक बिल मागतं. कितीतरी बारमध्ये स्टेज रस्त्याकडच्या खिडकीला टेकून असतं, वादकांची पाठ रस्त्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसतं, ऐकू येतं आणि तो आत वळतो.

तुमच्या प्रस्तावात दोन स्टेज आहेत. ब्रॉडवेसारखं रोज चार बैठकांनी चालवायचं तर आठवड्याला ५६ बैठका, चार वादक धरले तर वादकांच्या २२४ पाळ्या. नॅशविलमध्ये वादक राहायलाच येतात म्हणून ते जमतं. ६०,००० च्या गावात तेवढे चांगले वादक नाहीत, आणि टिपांवर कोणी तासभर गाडी चालवून येणार नाही. एकच स्टेज, गुरुवार ते रविवार, सात बैठका, ठरलेले पैसे आणि टिपा वर, एवढंच पेलेल. वर ‘खर्चवेच’ यांनी हाच आकडा धरला आहे आणि तो योग्य आहे. चार दिवस चांगलं वाजलेलं बरं. सोमवारी दुपारी रिकाम्या खोलीत कंटाळलेला बँड ऐकलेलं गिऱ्हाईक शनिवारीही येत नाही.

गाणी वाजवायचे परवाने जागेच्या मालकाने घ्यायचे असतात, बँडने नाही. अमेरिकेत आस्कॅप, बीएमआय, सेसॅक आणि ग्लोबल म्युझिक राइट्स अशा चार मुख्य संस्था आहेत. शुल्क मुख्यतः माणसांच्या क्षमतेवर ठरतं, म्हणून ‘तुळईखांब’ यांचा २०० की ६०० हा प्रश्न इथेही येतो.

आवाज. शहराच्या नियमात मर्यादा बहुधा ‘डीबी ए’मध्ये असते. त्या मापात बासचा धडधडाट जवळजवळ मोजलाच जात नाही, आणि शेजारच्या घरात झोप मोडते ती त्यानेच. नियमात ‘डीबी सी’ची वेगळी मर्यादा घाला. सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) लाकडी स्टेजवर ठेवला तर तुळयांतून कंप सामाईक भिंतीत जातो. तो जमिनीवर, रबराच्या जाड पट्ट्यांवर आणि सामाईक भिंतीपासून दूर ठेवावा. मुख्य यंत्रणेवर कुलूपबंद लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारं उपकरण) बसवा, किल्ली व्यवस्थापकाकडे, बँडकडे नाही.

नदीपलीकडे

‘कंबरलँड_किनारा’ यांच्याशी थोडा मतभेद आहे. मेम्फिसच्या बील स्ट्रीट या ब्लूज संगीताच्या रस्त्याचं उदाहरण पाहिलं तर एका कलाकाराच्या नावाने रस्ता सावरला, असं म्हणता येतं.

बील स्ट्रीटला १९६६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक दर्जा मिळाला, आणि त्यानंतर शहरी नूतनीकरणाच्या नावाखाली आजूबाजूची वस्ती पाडली गेली. रस्ता उरला, पण भोवती मोकळ्या जागा. गॅलिना इमारतीचा तर फक्त दर्शनी भाग वाचला, तो आजही मागून पोलादी टेकूंवर उभा आहे. शहराने मालमत्ता ताब्यात ठेवून १९८३ मध्ये रस्ता पुन्हा उघडला. सुरुवातीची वर्षं रखडत गेली. १९९१ मध्ये ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगचा क्लब आला आणि बाहेरगावच्या माणसाला बीलवर यायचं ठोस कारण मिळालं. २०१५ मध्ये किंग वारले, क्लब चालू राहिला. नाव त्यांचं, चालवणारी कंपनी वेगळी, आणि रोज रात्री स्टेजवर स्थानिक ब्लूज. हे तिसरं अंग महत्त्वाचं.

कारण त्याच रस्त्यावर एल्व्हिसच्या नावाचं भव्य रेस्टॉरंट १९९७ मध्ये उघडलं आणि २००३ मध्ये बंद झालं. एल्व्हिस ज्या लान्स्की दुकानातून कपडे घ्यायचा तीच इमारत, म्हणजे नाव आणि जागा दोन्ही अस्सल. ग्रेसलँड हे एल्व्हिसचं घर काही मैलांवर असल्यामुळे एल्व्हिसचा चाहता तिथे जातो, बीलवर तो ब्लूज ऐकायला येतो. पुढे त्याच इमारतीत हार्ड रॉक कॅफे आला.

तेव्हा कलाकाराचं नाव पहिलं येऊ शकतं, पण तीन गोष्टी असल्या तर: रस्ता आधीच एका हाताखाली असावा (बीलवर जमीन शहराची होती), नाव त्या गावच्या संगीताचं असावं, आणि कलाकार नसतानाही स्टेज चालावं. तुमचा गायक तुमच्या भागातला आहे का?

कंबरलँड_किनारा

बीलबद्दल मान्य, एक भर घालतो. १९८१ मध्ये जवळचं पीबॉडी हॉटेल पुन्हा उघडलं होतं, त्यामुळे राहायला आलेली माणसं चालत येण्याच्या अंतरावर होती. ओक्लाहोमा सिटीचा ब्रिकटाऊन हा जुन्या गोदामांचा भागही पाहा. १९९३ मध्ये मतदारांनी एका सेंटचा विक्रीकर मंजूर केला, त्यातून १९९८ मध्ये बेसबॉल मैदान आणि १९९९ मध्ये कालवा झाला. बेसबॉलपटू मिकी मँटलच्या नावाचं स्टेकहाऊस आणि टोबी कीथचं ठिकाण त्यानंतर आले. सार्वजनिक पैसा मैदानाला आणि कालव्याला गेला होता.

मेपलकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गायक आमच्या काउंटीतलाच आहे, हे समितीत कोणी महत्त्वाचं मानलं नव्हतं. दोन चौकांवर आमचं जुनं नाट्यगृह आहे, १,१०० खुर्च्यांचं, पण वर्षाला चाळीसेकच कार्यक्रम होतात. दोन प्रश्न उरले: दारूच्या परवान्यांचा कोटा संपला आहे, मग हे परवाना कुठून आणणार? आणि कर-सवलत परिणामाशी बांधायची तर परिणाम मोजायचा कसा?

खर्चवेच

परवाना: ओहायोत साधे परवाने लोकसंख्येच्या कोट्यावर मिळतात. शहराने डाऊनटाऊनला ‘सामुदायिक करमणूक क्षेत्र’ जाहीर केलं तर डी-५जे प्रकारचे परवाने कोट्याबाहेर मिळतात, पाच एकरांमागे एक, एका क्षेत्रात जास्तीत जास्त १५. ते या एका मालकासाठी जाहीर करू नका. नाट्यगृह आणि बाकीचे गाळे त्या हद्दीत घ्या, म्हणजे शेजारचं छोटं रेस्टॉरंटही अर्ज करू शकेल. २०१५ पासून हातात पेला घेऊन फिरता येणारं बाह्यक्षेत्र जाहीर करायचीही सोय आहे. त्यात खूण असलेले ठरावीक पेले, हद्दीच्या पाट्या, वेळा आणि सफाईची योजना ठरवावी लागते. पेला घेऊन दुसऱ्या परवानाधारकाच्या दारात शिरता येत नाही, हे कर्मचाऱ्यांना शिकवावं लागतं.

मोजणी: काम सुरू होण्याआधीच पायरेषा (पुढे तुलना करण्यासाठीची मूळ मोजणी) घ्या, नंतर ती मिळत नाही. दोन कोपरे ठरवा, एक इमारतीसमोर आणि एक नाट्यगृहाच्या वाटेवर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, संध्याकाळी ६, ८ आणि १० वाजता पंधरा-पंधरा मिनिटं येणारी-जाणारी माणसं मोजा. महिन्यातून एक आठवडा, सलग वर्षभर, हवामानाची नोंद ठेवून. नाट्यगृहात कार्यक्रम असलेले दिवस वेगळ्या रकान्यात. सोबत शहराच्या पार्किंगच्या संध्याकाळी ६ नंतरच्या पावत्या. सूट एकदम दहा वर्षांची देऊ नका. तीन वर्षांची द्या आणि पुढची वर्षं दोन अटींवर: ठिकाण वर्षातून किमान ठरावीक रात्री उघडं आणि स्टेज चालू, आणि आसपासचे भरलेले गाळे पायरेषेपेक्षा जास्त. कर्जाची रक्कमही टप्प्याटप्प्याने, ठेकेदार आणि पुरवठादारांच्या थकबाकी नसल्याच्या सह्या आल्यावरच.

तुळईखांब

पहिला टप्पा सोडण्याआधी तुळयांची टोकं उघडून केलेला अहवाल आणि जलवाहिनीच्या दाबाची चाचणी मागा. दोन्ही कामं काही आठवड्यांत होतात, आणि छपरावर बार होऊ शकतो की नाही हे त्यातूनच कळेल. अभियंता शहराने नेमावा, बिल प्रस्ताव देणाऱ्याने भरावं.